चित्रकलेचा तास गणिताला दिला, तर मुलांचं नेमकं काय जातं?

शाळेत सर्वात आधी कुठला तास रद्द होतो, हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही विचारा. गणिताच्या सरांचा धडा मागे राहिलेला असतो, इंग्रजीच्या मॅडमना जादा तास हवा असतो, तिमाही परीक्षा तोंडावर आलेली असते. अशा वेळी वेळापत्रकात ‘मोकळा’ तास सापडतो तो चित्रकलेचा. संगीताचा तास असलाच तर त्याच्याही आधी तोच जातो. पालक हरकत घेत नाहीत. उलट बरं झालं म्हणतात.

आता याच व्यवस्थेची दुसरी बाजू बघा. दहावीच्या निकालात चित्रकलेचे, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याचे आणि लोककलेचे वाढीव गुण मिळतात. म्हणजे ज्या विषयाला वर्गात तास मिळत नाही, त्याला गुणपत्रिकेत मात्र जागा आहे. मग ही कला मुलं शिकतात कुठे? ज्यांना परवडतं ती खासगी क्लासमध्ये. बाकीची शिकत नाहीत.

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा हे यासाठी चांगलं उदाहरण आहे. (धाराशिव जिल्ह्यात लोहारा नावाचा तालुका आहे, तो वेगळा.) इथे एमआयडीसी आहे, शहराची वस्ती गावापर्यंत पोचली आहे आणि आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर आहे. धड शहर नाही, धड खेडंही नाही. अशा ठिकाणच्या मुलाला शहरातल्या तबल्याच्या, कथ्थकच्या क्लासची पाटी दिसते. तिथे फी भरून, आठवड्यातून दोनदा जाऊन-येऊन शिकणं घरच्यांना जमेलच असं नाही. त्यामुळे शाळेत मिळेल तेवढंच त्याचं गाणं आणि तेवढंच त्याचं चित्र.

प्रश्न असा की, शाळेतल्या या तासाने खरंच काही फरक पडतो का? मूल शाळेत येण्यात, वर्गात तोंड उघडण्यात, मनाने बरं असण्यात? की ‘मुलांना कला शिकवा’ हे नुसतं भाषणात छान वाटणारं वाक्य आहे?

‘संगीताने मूल हुशार होतं’, हे कुठून आलं?

आधी एक गैरसमज बाजूला करावा लागेल, कारण कलेच्या तासाची बाजू मांडताना बहुतेक वेळा हाच मुद्दा पुढे केला जातो. गाणं शिकलं की गणित सुधारतं, वाद्य वाजवलं की बुद्धी तल्लख होते, वगैरे.

१९९३ साली फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची एक रचना ऐकवली आणि मग आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. त्यांना थोडे जास्त गुण पडले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. मुद्दा एवढाच होता. त्यात लहान मुलं नव्हती आणि बुद्धिमत्ता कायमची वाढल्याचा दावाही नव्हता. पण बातमी पसरत गेली आणि पुढे तिचं नावच ‘मोझार्ट इफेक्ट’ पडलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडी विकणाऱ्यांनाही ही गोष्ट सोयीची होती.

पुढे काय झालं? जोवानी साला आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात जवळपास सात हजार मुलं होती. निष्कर्ष असा निघाला की, तुलनेसाठी निवडलेल्या मुलांनाही दुसरं काहीतरी रंजक शिकवलं जात असेल, तर संगीत शिकणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती किंवा गणित वेगळं सुधारलेलं दिसत नाही. अभ्यासाची रचना जितकी काटेकोर, तितका हा ‘हुशारी’चा परिणाम कमी दिसतो.

हे कलेच्या विरोधात जातं असं वाटेल, पण उलट आहे. गणितासाठीच गाणं शिकवायचं असेल, तर सरळ गणितच शिकवलेलं बरं. मग गणिताच्या सरांनी तो तास मागितला तर ‘नाही’ म्हणायला काही कारणच उरत नाही. कलेच्या तासाचं खरं काम वेगळं आहे, आणि त्याचे पुरावेही वेगळ्या जागी सापडतात.

लॉटरीने निवडलेल्या शाळा

शिक्षणातल्या संशोधनाची नेहमीची अडचण अशी की, ज्या शाळेत संगीताचा शिक्षक असतो, ती शाळा बहुधा आधीच बरी चाललेली असते. पालक जागरूक असतात, संस्थेकडे पैसा असतो. मग मुलं खूश दिसली तर श्रेय संगीताचं की पैशाचं, हे सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ही अडचण वेगळ्या प्रकारे सुटली. शहरातल्या कला संस्थांनी शाळांना मदत करायचं ठरवलं, पण इच्छुक शाळा जास्त निघाल्या. म्हणून लॉटरी काढली. काही शाळांना कलाकार-शिक्षक, नाटकं, मैफली, संग्रहालयाच्या सहली, शाळा सुटल्यानंतरचे वर्ग मिळाले. बाकीच्यांना थांबावं लागलं. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा या संशोधकांनी ४२ शाळांमधल्या १०,५४८ विद्यार्थ्यांची तुलना केली. इयत्ता तिसरी ते आठवीची ही मुलं होती. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कला मिळालेल्या शाळांमध्ये शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचं प्रमाण ३.६ टक्केबिंदूंनी कमी होतं. लेखनाच्या परीक्षेतले गुण थोडे पण मोजता येण्याइतके वाढले. दुसऱ्याला कसं वाटत असेल याची काळजी वाटण्याचं प्रमाणही वाढलं. गणित, विज्ञान, वाचन? तिथे लक्षात येण्यासारखा फरक नाही. आणि प्राथमिकच्या मुलांचे आकडे वेगळे काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: शाळेत मन रमण्याचं प्रमाण आणि पुढे कॉलेजात जायची इच्छा, दोन्ही वाढलेल्या.

याच दोघांनी पुढे बॉस्टन शहरातल्या सरकारी शाळांची अकरा वर्षांची आकडेवारी तपासली. तिथे लॉटरी नव्हती, म्हणून हा पुरावा ह्यूस्टनइतका भक्कम नाही. तरी एकाच मुलाची, कलेचा विषय असलेल्या वर्षाची आणि नसलेल्या वर्षाची तुलना करता आली. कलेचा विषय असलेल्या वर्षी मुलं शाळेत जास्त दिवस आली. आणि जी आधीपासून सतत गैरहजर राहायची, त्यांच्यात हा फरक जास्त ठळक होता.

यवतमाळच्या शिक्षकांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातले बाक कसे रिकामे होतात, हे इथल्या शाळांना चांगलं माहीत आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मुलं परत येतात तेव्हा तीन-चार महिने निघून गेलेले असतात. गणिताच्या तासाला अशा मुलाला पहिल्याच मिनिटाला कळतं की आपण मागे राहिलो. भागाकार सोडून वर्ग अपूर्णांकावर गेलेला असतो. चित्राच्या किंवा गाण्याच्या तासाला तसं होत नाही. आज सुरू झालेल्या चित्रात आज आलेलं मूलही पहिल्या रेघेपासून असतं. बॉस्टनचे आकडे बॉस्टनचेच, ते जसेच्या तसे इथे चिकटवता येणार नाहीत. पण परतलेल्या मुलाला आत यायला एक सोपं दार हवं असतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

एकत्र गाताना होतं काय?

हा परिणाम येतो कुठून, याची थोडी उकल मानसशास्त्रज्ञांनी केली आहे.

सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २०१० मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांबरोबर एक खेळ मांडला. काही जोड्यांनी तो गाणं म्हणत, नाचत, लाकडी बेडकाची वाद्यं वाजवत खेळला. काहींनी तोच खेळ, तेवढाच वेळ, पण संगीताशिवाय. नंतर एका मुलाच्या हातातल्या नळीतून गोट्या सांडतील अशी व्यवस्था केली. संगीतासोबत खेळलेल्या जोडीतलं दुसरं मूल मदतीला जास्त वेळा धावलं.

मोठ्यांवरही असा अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये आयलुनेड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रौढांचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने पाहिले. सात महिन्यांनंतर सगळ्याच वर्गांत माणसं एकमेकांना सारखीच जवळची वाटत होती. पण गाण्याच्या वर्गात ही जवळीक पहिल्याच महिन्यात आली होती. म्हणजे मैत्री हस्तकलेतूनही होते, गाण्यातून ती लवकर होते. एकाच तालावर श्वास घेणं, एकाच वेळी थांबणं, शेजाऱ्याच्या सुरात आपला सूर मिसळणं, हे करताना समोरच्याचं नावही माहीत असावं लागत नाही.

वारीत दिंडीसोबत दोन दिवस चाललेल्या माणसाला हे सांगायला इंग्लंडचा अभ्यास लागणार नाही. विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनातून गावंच्या गावं बसवली. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत कोण चांगलं गातं हे कुणी बघत नाही. सगळे म्हणतात, म्हणून प्रत्येक जण म्हणतो.

जिथे भाषाच अडते

यवतमाळ जिल्ह्यात एक गोष्ट आहे जी ह्यूस्टनच्या अहवालात सापडणार नाही, आणि कदाचित तीच इथे सगळ्यात महत्त्वाची आहे.

जिल्ह्यात कोलाम, गोंड, बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. कोलाम तर केंद्र सरकारच्या ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ या यादीत आहेत. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, मराठीशी त्यांचं नातं नाही. तांड्यावरची गोरबोलीही मराठीहून बरीच वेगळी. घरात ही भाषा बोलणारं सहा वर्षांचं मूल पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा बाई काय म्हणतात हेच त्याला कळत नाही. बाईंनी प्रश्न विचारला की ते खाली बघतं. मग शेरा पडतो: ‘वर्गात सहभाग नाही.’

हे मूल मुकं नसतं. त्याच्या पोडावर दिवाळीच्या दिवसांत दंडार रात्रभर रंगते, तांड्यावर होळीला लेंगी म्हणतात, आणि त्यात लहान मुलंही असतात. ताल त्याला वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगला धरता येत असेल. पण वर्गात सहभागाचं माप एकच आहे, मराठीत हात वर करून उत्तर देणं. चित्र काढायला मराठी लागत नाही, टाळीचा ठेका धरायला लागत नाही, आणि ओळखीचं गाणं शिकवायचं असेल तर तेच मूल शिक्षक होतं. पहिल्यांदाच वर्गाला त्याच्याकडून काही घ्यावं लागतं.

लोहाऱ्यासारख्या एमआयडीसीच्या गावात यात आणखी भर पडते ती कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची. घरी हिंदी, शाळेत मराठी, अशी मुलं. त्यांनाही आधी वर्गात आपली जागा शोधायची असते.

शेजारच्या जिल्ह्यात हे आधी घडून गेलंय

कला शिक्षणाची चर्चा निघाली की फिनलंडपर्यंत जायची सवय लागली आहे. यवतमाळहून शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गेलं तरी पुरे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या ‘नई तालीम’चा आराखडा तयार झाला. सूतकताईमुळे ही योजना लक्षात राहिली. पण झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम बनवला, त्यात मातृभाषा, गणित, विज्ञान यांच्या बरोबरीने चित्रकला आणि संगीतही होतं.

१९४४ मध्ये सेवाग्रामच्या शाळेत देवीप्रसाद नावाचा तेवीस वर्षांचा तरुण कलाशिक्षक म्हणून आला. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला, चित्रकार आणि कुंभारकामात रमणारा. १९६२ पर्यंत तो तिथे राहिला. खेड्यातल्या आणि आश्रमातल्या मुलांना घेऊन काढलेली ही अठरा वर्षं. या अनुभवावर त्यांनी पुढे लिहिलेलं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘कला: शिक्षणाचा पाया’ असा होतो. देवीप्रसाद यांचा भर मुलाला चित्रकार बनवण्यावर नव्हता. मूल चित्रातून काय सांगतंय ते बघा, मोठ्यांचं चित्र त्याच्याकडून गिरवून घेऊ नका, हा त्यांचा आग्रह. सेवाग्राम सोडल्यावर ते लंडनला युद्धविरोधी चळवळीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं काम करायला गेले, ही गोष्टही त्यांच्या शिकवण्यापासून वेगळी काढता येत नाही. ज्याला घडवता येतं तो मोडायला सहसा जात नाही, असा त्यांचा विश्वास होता.

सेवाग्रामची ती जुनी शाळा पुढे बंद पडली. २००५ पासून ‘आनंद निकेतन’ या नावाने तिथे पुन्हा शाळा भरते.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं २९ वं कलम अभ्यासक्रम कसा असावा ते सांगतं: मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, त्याला भीती, धक्का, चिंता यांपासून मुक्त ठेवावं आणि आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी. हे सुविचार नाहीत, कायद्याचा मजकूर आहे.

याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक नेमायला सांगितलं आहे. फक्त एक अट आहे. त्या वर्गांची पटसंख्या शंभराच्या वर हवी.

गोची इथेच आहे. पट ९५ असेल तर कायद्याने कलाशिक्षक देणं बंधनकारक नाही. म्हणजे लहान गावातलं, पोडावरचं, तांड्यावरचं मूल, ज्याला बाहेर क्लास मिळण्याची शक्यता सर्वात कमी, त्याच्यासाठीच तरतूद नाही. आणि जिथे शंभराचा आकडा पार होतो, तिथेही निदेशक असतीलच असं नाही. राज्यात अशा नेमणुका झाल्या, थांबल्या, मानधनासाठी आंदोलनं झाली, प्रकरणं उच्च न्यायालयात गेली.

कागदावर मात्र कला सगळीकडे आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात कला आणि कार्यानुभवाची नोंद करावी लागते. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय आणि ‘अवांतर’ विषय अशी भिंत ठेवायची नाही असं म्हटलं आहे. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी ‘बांसुरी’ आणि सहावीसाठी ‘कृती’ ही कलेची स्वतंत्र पाठ्यपुस्तकं आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. कल्पना चांगली आहे. पण शनिवारचा आनंद घडवायचा कुणी? तर सोमवार ते शुक्रवार सगळे विषय शिकवणाऱ्या, मधे निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं करणाऱ्या त्याच गुरुजींनी. चित्रकलेचा वेगळा शिक्षक, म्हणजे एटीडी झालेला, मुख्यतः माध्यमिक शाळांत दिसतो. संगीताचा शिक्षक त्याहून दुर्मीळ.

सात गुण कुणाचे?

आता त्या वाढीव गुणांकडे येऊ. कला संचालनालयाची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पास झाली की दहावीला श्रेणीनुसार ७, ५ किंवा ३ गुण मिळतात. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय संगीत किंवा नृत्याच्या तीन परीक्षा पास असतील तर १०, पाच असतील तर १५. लोककलेचे २५ प्रयोग केले असतील तर ५ आणि ५० केले असतील तर १०.

मुलांना प्रोत्साहन मिळावं म्हणून ही योजना आली, आणि ग्रेड परीक्षेची फी फार नसते हेही खरं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती यांचा सराव करून घेणारे अनेक चित्रकला शिक्षक सुट्टीच्या दिवशी फुकट वर्ग घेतात. पण शास्त्रीय संगीताच्या पाच परीक्षा म्हणजे पाच-सहा वर्षांचा खासगी क्लास. पेटी किंवा तबला घरात हवा. लोककलेची तरतूद खरं तर दंडार, खडीगंमत, लेंगी जाणणाऱ्या मुलांच्या हक्काची. पण पोडावर दरवर्षी नाचणाऱ्या मुलाकडे प्रयोगाचं प्रमाणपत्र कुठून येणार? पन्नास प्रयोगांचा हिशेब संस्थेकडे असतो, पोडाकडे नसतो.

असाच पेच व्हेनेझुएलातही आला आहे. होजे आंतोनियो अब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली ‘एल सिस्तेमा’ ही गरीब मुलांसाठीची वाद्यवृंद चळवळ जगभर गाजली. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तिथल्या १६ केंद्रांतल्या २,९१४ मुलांचा लॉटरी पद्धतीने अभ्यास केला. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला, आणि ज्यांच्या घरी हिंसा होती अशा मुलग्यांमध्ये आक्रमकपणा कमी झाला. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं की, योजनेत आलेल्या मुलांमध्ये गरिबीचं प्रमाण त्या भागातल्या सरासरीपेक्षा बरंच कमी होतं. दार सगळ्यांना उघडं असलं तरी आधी पोचतं ते ज्याला पोचवणारं कुणी आहे ते मूल.

म्हणून वेळापत्रकातला तास आणि वाढीव गुण यांची अदलाबदल होऊ शकत नाही. गुण ज्याने अर्ज केला त्याला मिळतात. तास वर्गात बसलेल्या प्रत्येकाला मिळतो.

मनाला बरं वाटणं आणि उपचार, यात फरक आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये एक मोठा अहवाल काढला. तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून डेझी फॅन्कोर्ट आणि साओर्स फिन यांनी कला आणि आरोग्याचा संबंध मांडला. ताण कमी होणं, एकटेपणा कमी होणं, भावना हाताळता येणं, मुलांचा विकास, अशा बऱ्याच ठिकाणी कलेचा उपयोग दिसला.

यवतमाळमध्ये हा विषय हलका नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे हे नाव देशभर पोचलं. २०१५ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केलं, शेतकऱ्यांना धीर देण्यासाठी. त्या घरांतली मुलं दुसऱ्या दिवशी शाळेतच येत असतात. घरात काय चाललंय ते ती बोलत नाहीत, कारण मोठेही बोलत नाहीत. रंग हातात आल्यावर काही मुलं बोलतात.

पण इथे सावध राहायला हवं. चित्रकलेचा तास म्हणजे समुपदेशन नव्हे. मुलाने काळं घर काढलं म्हणून ते दुःखी आहे असा निष्कर्ष शिक्षकाने काढू नये. कदाचित हिरवा खडू संपला असेल. मूल सतत गप्प असेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर त्याला डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत न्यावं लागतं. गाणं त्याला पर्याय नाही.

आणि कला जाचही होऊ शकते. गॅदरिंगच्या सरावाची आठवण काढा. ‘तू मागे उभा राहा, नुसते ओठ हलव.’ हे वाक्य ऐकलेली माणसं पन्नाशीतही चारचौघांत गात नाहीत. निवडक दहा मुलींचा नाच बसतो, बाकीचा वर्ग सतरंज्या उचलतो. फळ्यावर काढलेली डोंगर-नदी-सूर्याची आकृती साठ वह्यांत साठ वेळा उतरते आणि ज्याचा सूर्य बरोबर मधोमध आला त्याला ‘छान’ मिळतं. अशा तासाने सहभाग वाढत नाही, कोण मागे राहायचं ते ठरतं. हा तास गणिताला दिला तर फारसं काही जात नाही, असं म्हणायलाही हरकत नाही.

शिक्षक नसताना काय करता येतं?

नवीन पद मंजूर होईपर्यंत थांबायचं नसेल, तर सुरुवात परिपाठापासून होते. बहुतेक शाळांमध्ये रोज होणारं संगीत तेवढंच: राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रार्थना, एखादं समूहगीत. बहुतेक ठिकाणी दोन खड्या आवाजाच्या मुली रोज माइकवर असतात आणि बाकीचे उन्हात उभे. तीच पंधरा मिनिटं वर्गवार फिरवली, आठवड्यातून एक गाणं मुलांच्या घरच्या बोलीतलं घेतलं, ते त्याच मुलांनी बाकीच्यांना शिकवलं, तर खर्च काही येत नाही. पेटी नसेल तर खंजिरी चालते. गावात भजनी मंडळ, बँडवाले, रांगोळीत हात असलेल्या आया असतातच. त्यांना महिन्यातून एका शनिवारी बोलवायला कुणाची परवानगी लागत असेल तर ती मुख्याध्यापकांची.

पालकांच्या हातातही एक कागद आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेत ही समिती शाळा विकास आराखडा बनवते, आणि शाळेला कुठल्या शिक्षकांची गरज आहे हे त्यात लिहिता येतं. बहुतेक आराखड्यांत कुंपण, स्वच्छतागृह, डिजिटल बोर्ड असतो. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलेचा निदेशक ही मागणी नाही, देय गोष्ट आहे. पट त्याहून कमी असेल तर जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक निदेशक मागता येईल. समितीच्या पुढच्या बैठकीत आधी एवढंच विचारून बघा: या आठवड्यात चित्रकलेचे किती तास होते, आणि त्यातले किती झाले?